अण्णाचा काळा करकोचा

माझा थोरला भाऊ, अण्णा, बेळगावात मराठी शाळेत मास्तर होता आणि त्याला पक्ष्यांचं वेड होतं. वेड हा शब्द मी प्रेमाने वापरतोय. गावात तो तसा वापरला जात नसे. शेतकऱ्याच्या पोराने पाखराकडे दोनच कारणांनी बघावं, जोंधळ्यावरून हाकलायला नाहीतर रश्श्यात घालायला, असं आमच्या आप्पाचं मत. आप्पा म्हणजे आमचा धाकटा चुलता. निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला होता आणि वडील गेल्यापासून घरातला शेवटचा शब्द त्याचाच. अण्णा तिसऱ्याच कारणाने पाखरं बघायचा. ते कारण काय, हे त्याला कुणाला पटवून देता आलं नाही. मलाही नाही. मी त्याच्याबरोबर जायचो तो केवळ भावाबरोबर जायला मिळतं म्हणून.

छावणीतून एक गोरी पलटण हलली तेव्हा साहेबांच्या सामानाचा लिलाव झाला होता. लोकांनी खुर्च्या घेतल्या, आरसे घेतले, एकाने तर सायबाच्या मडमेची टोपी घेतली. अण्णाने घेतली दुर्बीण. तिच्याबरोबर पक्ष्यांचं एक इंग्रजी पुस्तक तसंच मिळालं, वाळवीने कडा खाल्लेलं. त्यातल्या एका पानावर काळ्या करकोच्याचं चित्र होतं. अण्णा ते चित्र असं बघायचा की वहिनी म्हणायची, "माझा फोटू काढला असता तर एवढा तरी बघितला असता का?"

आमचं गाव काकतीपासून थोडं आत. गावामागे डोंगराच्या पायथ्याला तळं आहे. त्या तळ्यावर कांडेसर नेहमीचे. तोही करकोचाच, अंग काळं, पण मान कापूस गुंडाळल्यासारखी पांढरी. काळा करकोचा मात्र परदेशचा पाहुणा. थंडीत कुठून तरी हिमालयापलीकडून येतो, आणि आमच्या भागात तर चुकूनमाकून. त्याची मानही काळी, पोट तेवढं पांढरं, आणि चोच नि पाय तांबडे. एका संध्याकाळी अण्णाला तो पलीकडच्या काठाला दिसल्यासारखा झाला. पण उजेड गेला होता, आणि दुर्बीण डोळ्याला लागेपर्यंत पक्षी उडाला. तेव्हापासून दर थंडीत शाळा सुटली की अण्णा सायकलवर टांग टाकून तळ्याकडे. मी स्टेशनावर मालधक्क्यात कारकून होतो. माझं काम आटोपलं की मीही मागोमाग. "एकदा नीट बघितला ना, की बास," अण्णा म्हणायचा. "मग मी मेलो तरी चालंल." असं माणूस बोलतो. बोलताना काही वाटत नाही.

आम्ही तिघं, अण्णा, वहिनी आणि मी, खडेबाजाराच्या मागच्या एका बोळात दोन खोल्यांत राहायचो. आई गावच्या घरी. वहिनी चिकोडीची. आईबाप लहानपणीच गेले, भावाच्या घरी वाढली, आणि त्या भावाच्या बायकोने तिला कसं वाढवलं हे ती कधी सांगायची नाही, यावरूनच कळायचं. लग्न होऊन ती आमच्याकडे आली तेव्हा मी शाळेत होतो. माझा डबा तिने भरला, शर्टाची बटणं तिने लावली, परीक्षेच्या दिवसांत माझ्याबरोबर तीच जागी राहिली. तिला मूल झालं नाही. आई त्यावरून बोलायची. समोर कमी, भिंतीला जास्त. आम्ही दोघं तळ्यावरून परतलो की वहिनी दारातच विचारायची, "काय म्हणतंय तुमचं पाखरू? आज तरी भेट झाली का न्हाय?" आम्ही माना हलवायचो आणि ती हसून पानं मांडायची.

लढाई सुरू होती. मालधक्क्यात लष्करी सामानाचे ढीग, आणि बाजारात हिवतापावरचं कोयनेल मिळायची मारामार. कार्तिकात अण्णाला हिवताप आला. आधी सगळ्यांना येतो तसा आला आणि उतरला. अण्णा परत तळ्यावर गेला. मग पुन्हा आला, आणि या खेपेला डोक्यात गेला. कोयनेलसाठी मी छावणीच्या दवाखान्यापासून खानापूरपर्यंत हिंडलो. ज्याच्याकडे होतं तो देईना आणि जो देत होता त्याच्याकडे नव्हतं. शेवटी बैलगाडीत घालून आम्ही त्याला गावी नेलं, आईच्या हातचं औषध लागू पडेल म्हणून. काही लागू पडलं नाही. अण्णा गेला.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन. आमच्याकडे त्या दिवशी मेलेल्या माणसाला आवडणारे सगळे पदार्थ पानावर मांडतात आणि कावळ्याची वाट बघतात. कावळा शिवला की माणूस समाधानाने गेला. नाही शिवला, तर त्याचा जीव कशात तरी अडकलाय. मग घरची माणसं हात जोडून एकेक वचन देत जातात, कुठल्या तरी वचनाला कावळा उतरेल म्हणून. आम्ही भात, वांग्याची भाजी, कांद्याची भजी, गुळाचा चहा, पानसुपारी असं सगळं मांडलं आणि मागे सरलो. बाभळीवर कावळे होते. बसून राहिले.

आप्पा पुढे झाला. "आई तुझी आमची हाय, तिला काय कमी पडू देणार न्हाय." कावळे हलले नाहीत. "धाकट्याचं लगीन करू, तुझ्या नावाला पोरगं देऊ." त्यातला एक कावळा खाली उतरला, पानापासून दोन हातांवर आला, मान वाकडी करून बघू लागला. तेव्हा आप्पाला काय वाटलं कोण जाणे, चांगल्या मनानेच म्हणाला, "तुझ्या बायकोला अंतर देणार न्हाय. ह्याच घरात ठेवू, चिकोडीला धाडणार न्हाय."

कावळा उडाला.

मी पुढे झालो आणि मोठ्याने म्हणालो, "अण्णा, तुझा काळा करकोचा मी बघीन. तुझ्या वाटणीचा मी बघून येतो." आप्पाने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी मयताला तमाशातलं गाणं म्हटलंय. "गप बस रं," म्हणाला. "पाखरात कुणाचा जीव अडकतो व्हय?" ऊन चढेपर्यंत आम्ही थांबलो. शेवटी ते पान गाईला घातलं.

घरी काय सांगायचं हे वाटेत ठरवायला हवं होतं. पण आप्पा सरळ माणूस. सोप्यात पाय ठेवला आणि बोलून मोकळा झाला. "आलता की गं वैनी," तो आईला म्हणाला, "पानापतूर आलता. हिला ठेवतो म्हटलं आणि उडाला." वहिनी आतल्या खोलीच्या कोपऱ्यात बसली होती. कपाळ पुसलेलं, हात मोकळे. दार उघडंच होतं. तिने ऐकलं.

त्या दिवसापासून आई तिच्याशी बोलेनाशी झाली. आईला मी वाईट म्हणणार नाही. तिचा थोरला मुलगा गेला होता, आणि त्याचा जीव तळमळत भटकतोय असं तिला रात्रंदिवस वाटत होतं. भाकरीचा तुकडा तोंडाशी नेला की ती थांबायची. "माझं पोरगं उपाशी हाय," म्हणायची आणि तुकडा खाली ठेवायची. अशा माणसाशी वाद काय घालणार? पण तिचं ठरलं होतं. महिन्याचा नैवेद्य होईपर्यंत वहिनीने राहावं. त्याच दिवशी दुपारच्या मोटारीने तिला चिकोडीला भावाकडे पोचवावं. अण्णाच्या जिवाला जे नको, ते घरात ठेवायचं नाही. आप्पाने वहिनीच्या भावाला निरोपही धाडला. उलट निरोप आला तो एवढाच, की घर लहान आहे, पण पाठवा.

मला संताप आला होता. आईचा, आप्पाचा, त्या कावळ्याचा, सगळ्यांचा. आणि गंमत बघा, ज्या खुळ्या समजुतीवर मी चिडलो होतो, तिचाच आधार मी धरला. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. माझी काडी ती. मला पक्कं वाटत होतं की अण्णाचा जीव करकोच्यात अडकलाय. त्याच्या तोंडचं वाक्य मी कानांनी ऐकलं होतं. महिन्याच्या आत मला तो पक्षी दिसला, आणि नैवेद्याच्या वेळी मी अण्णाला तसं सांगितलं, तर कावळा शिवेल. कावळा करकोच्याच्या नावावर शिवला म्हणजे वहिनीवरचं किटाळ गेलं. मग तिला कोण कशाला धाडतंय?

म्हणून मी गावातच राहिलो आणि रोज मालधक्क्यावरचं काम संपलं की सायकल हाणत तळ्यावर जाऊ लागलो. अण्णाची दुर्बीण गळ्यात. वाटेत भेटणारी माणसं बघायची आणि मान फिरवायची. भावाच्या सुतकात पोरगं पाखरं बघत हिंडतंय म्हटल्यावर काय बोलणार बिचारी. थंडीचे दिवस, अंधार लवकर पडायचा. वॅगनी उशिरा आल्या की माझा अर्धा उजेड मालधक्क्यातच संपायचा. तळ्यावर पोचायचो तेव्हा पाणी काळवंडलेलं असायचं आणि मी लव्हाळ्यात बसून दुर्बिणीतून नुसता अंधार बघायचो.

कांडेसर रोज दिसायचे. लांबून काळं अंग दिसलं की मी दुर्बीण लावायचो, आणि मग त्याने मान वळवली की ती पांढरी मान. मी त्या गरीब पक्ष्याला इतक्या शिव्या घातल्या असतील की त्याच्या जागी माणूस असता तर तळं सोडून गेला असता. एकदा तर मी दगड भिरकावला. अण्णा असता तर त्याने माझं थोबाड फोडलं असतं. तो नव्हता, म्हणून मी तिथंच बसून रडलो. भाऊ गेल्यापासून मला रडायला जागाच मिळाली नव्हती. घरी आई रडायची, आणि दोघांनी एकदम रडून चालत नाही.

दिवस सरत चालले. खळ्यावरची भाताची मळणी संपली, रानं मोकळी झाली, मसूर वितीएवढा वर आला. वहिनीने आपली दोन लुगडी धुऊन घडी घालून ठेवलेली मी बघितली. ती कुणाला काही विचारत नव्हती, रडतही नव्हती. मी तळ्यावरून परतलो की पूर्वीसारखं दारात उभं राहणं आता तिला शक्य नव्हतं. पण मी परसात पाय धुवायला गेलो की आतून बांगड्या नसलेल्या हातांनी माझं ताट पुढे सरकायचं.

नैवेद्याच्या आदल्या दिवशी वॅगनी आल्याच नाहीत. हेडक्लार्कने आम्हाला लवकर सोडलं. तळ्यावर पोचलो तेव्हा ऊन अजून डोंगरावर होतं. पलीकडच्या काठाला, पाण्यात पाऊल बुडेल एवढ्या उथळ जागी, एक पक्षी उभा होता. मी दुर्बीण लावायला भ्यालो. लावली. मान काळी. त्याने चोच वर केली, तांबडी. एक पाय पाण्यातून उचलला, तोही तांबडा. उन्हात त्याच्या काळ्या पाठीवर हिरवा, जांभळा रंग उमटत होता, कबुतराच्या गळ्यावर दिसतो तसा. एकटाच होता. सावकाश चालायचा, चोच घालायचा, थांबायचा. उजेड जाईपर्यंत मी त्याला बघत राहिलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी एखादं पाखरू पाखरासाठी बघितलं असेन. मग तो उडाला आणि डोंगराकडे गेला.

घरापर्यंत सायकल कशी आली मला आठवत नाही. आई देवळात गेली होती. मी परसातल्या दाराशी उभा राहिलो आणि हाक मारली, "वैनी! घावला!"

आतून तिने विचारलं, "चोच तांबडी हुती?"

"व्हय."

"पाय?"

"तेबी. आणि मान काळी, वैनी. मी लई येळ बघितला. उन्हात हिरवा दिसतुया, जांभळा दिसतुया."

ती दाराच्या आडोशाला येऊन बसली. "मग त्योच," म्हणाली. "त्यांनी सांगितलं हुतं अगदी तसाच."

मला वाटलं पुस्तकातल्या चित्राचं म्हणते. "पुस्तकातला न्हवं वैनी, खराखुरा."

"खऱ्याचंच सांगतीया, भावजी. त्यांनी बघितला हुता. गेल्या सालच्या संक्रांतीच्या आधी. तुमी त्या दिवशी कामात अडकला हुता. घरात आले ते पायतान न काढता चुलीपाशी आले. लहान पोरागत सांगत हुते."

मी पायरीवर बसलो. "मग मला का न्हाय सांगितलं?"

"मी म्हटलं, भावजींना सांगा की. तर म्हणाले, न्हाय. घावला म्हटल्यावर तळ्यावर जायचं कारण संपलं. धाकटा आता नोकरीत पडला, उद्या लगीन करंल, आपल्या संसाराला लागंल. पाखराच्या निमतानं रोज माझ्यासंगं सायकलवर येतुया. एवढं तरी ऱ्हाऊ दे म्हणाले."

मी अण्णाबरोबर जायला मिळावं म्हणून जायचो, आणि अण्णा मला बरोबर नेता यावं म्हणून जायचा. गेल्या संक्रांतीपासून तर आम्ही दोघंही पक्ष्यासाठी जातच नव्हतो. हे मला आता, तो नसताना, परसातल्या पायरीवर कळत होतं. माया होती हे कळलं म्हणून बरं वाटावं, तर ते वाटायला समोर माणूस नव्हता.

मग दुसरं ध्यानात आलं. "मग त्याचा जीव कशात अडकला हुता, वैनी?"

"मला काय ठावं," ती म्हणाली. "माझ्यातच असंल. मीच त्यांना धड काय देऊ शकली न्हाय."

"असं बोलू नका," मी म्हणालो. आई देवळातून आली तसा मी उठलो.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा तिथंच गेलो. तेच पदार्थ, तीच बाभळ. माझ्याजवळ आता सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी मी मनाशी ठरवलं होतं की सांगायचंच: बघितला रे अण्णा, तुझ्यासारखाच मीही बघितला, आता शिव. आप्पाने पान मांडलं आणि हात जोडायला तो मागे सरतोय तोवर कावळा उतरला. एक नाही, तीन-चार. भजी नेली, भात विस्कटला, चहाचा पेला कलंडला. माझं तोंडसुद्धा उघडलं नव्हतं.

आप्पाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "सुटला," तो म्हणाला. "तिला धाडायचं नक्की झालं आणि पोरगं सुटलं."

घरी येऊन मी भांडलो. जन्मात आईसमोर एवढा आवाज चढवला नव्हता. म्हणालो, कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, दुसरं काही नाही. "भूक लागली म्हणून आला त्यो!"

"मग त्या दिशी त्याचं पोट भरलं हुतं व्हय रं?" आई म्हणाली.

"भरलंच हुतं! खळ्याखळ्यावर भात पडलं हुतं. आता रानं मोकळी हायत."

खरं तेच होतं, पण मला स्वतःलाच ते वकिलाच्या युक्तिवादासारखं ऐकू आलं. आईने तर ऐकलंच नाही. ती पदराने डोळे पुसत होती, आणि महिन्याभरात पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला होता. तिचा मुलगा जेवला होता. तिच्यापुढे मी काय बोलतोय याला किंमत ती काय?

वहिनी आतल्या दाराच्या चौकटीला धरून उभी होती. कोपऱ्यातून ती आपणहून उठून आली होती. "खरंच शिवला?" तिने विचारलं.

"लगोलग, पोरी," आप्पा म्हणाला. त्याने तिला पोरी म्हटलेलं मी याआधी कधी ऐकलं नव्हतं.

तिने हात जोडले. चौकटीवर कपाळ टेकलं आणि हुंदके देऊन रडू लागली. "सुटले गं बाई," म्हणत होती. "सुटले." त्या रडण्यात दुःख नव्हतं. ते ऐकून मला तिथं उभं राहवेना. मी भांडत होतो तिच्यासाठी, आणि ती आनंदाने रडत होती.

आई उठली, तिच्याजवळ गेली आणि तिला मिठीत घेतलं. एका घरात महिनाभर एकमेकींशी शब्द न बोललेल्या त्या दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती, डोक्यावरून फिरवत होती, पोटच्या लेकीच्या डोक्यावरून फिरवावा तसा. मला वाटलं, झालं. आता ही तिला धाडत नाही. आता कुठली धाडते.

आईने पदराच्या टोकाने वहिनीचं तोंड पुसलं. "रडू नगं, बाळ," म्हणाली. "मोटारीला अजून येळ हाय. बस, पोटभर जेवून घे."

"व्हय, आत्या," वहिनी म्हणाली आणि पानावर बसली.